विद्यार्थ्यांचा आहार आणि स्मरणशक्ती

दिवाळी आटोपली की सोनपेठ परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत व परराज्यांत जातात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे, नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकतात. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात. त्या सुमारास आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक विनंती वारंवार ऐकू येते, "डॉक्टरसाहेब, पोरीच्या ध्यानात काही राहत नाही. डोक्याचे एखादे टॉनिक लिहून द्या." या विनंतीमागे आई-वडिलांची कळकळ असते आणि कष्टाचे पैसे असतात. म्हणूनच या विषयाची माहिती पालकांसमोर व हितचिंतकांसमोर ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

टॉनिकाने बुद्धी वाढते काय?

पुरेसा आहार घेणाऱ्या निरोगी मुलाचे गुण एखाद्या टॉनिकाने वा पावडरीने वाढतात, असा भक्कम पुरावा उपलब्ध नाही. ब्राह्मीवर काही लहान चाचण्या झाल्या असून त्यांतील काहींत स्मरणात अल्प सुधारणा आढळली. परंतु त्या मुख्यतः प्रौढांवरील होत्या व औषध साधारणतः १२ आठवडे नियमित घ्यावे लागले. परीक्षेच्या तोंडावर आणलेली बाटली त्यामुळे मनाच्या समाधानापलीकडे फारसे काही देत नाही.

मात्र शरीरात एखाद्या घटकाची उणीव असेल, तर ती भरून काढल्याने मुलाच्या अभ्यासात खरोखर फरक पडू शकतो. आपल्याकडे अशा उणिवांत लोहाचा क्रमांक वरचा आहे.

लोह आणि मेंदू

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा त्याला लागते. त्यासाठी लागणारा प्राणवायू रक्तातील हिमोग्लोबिन पोहोचविते आणि हिमोग्लोबिन तयार होण्यास लोह लागते. याखेरीज मेंदूतील पेशींमधील संदेशवहनासाठी आवश्यक असणारी डोपामिनसारखी द्रव्ये बनण्यातही लोहाचा वाटा आहे. शरीरातील साठा आटू लागला की हिमोग्लोबिन घटण्यापूर्वीच लक्ष विचलित होणे, थकवा, चिडचिड अशी लक्षणे दिसू शकतात. अशा मुलीस घरी व शाळेत 'आळशी' म्हटले जाते, हे अन्यायाचे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. वाढीचे वय, मासिक पाळी आणि अपुरा आहार ही त्याची प्रमुख कारणे होत.

भाकरीने दिलेली साक्ष

महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शालेय मुला-मुलींवर झालेली एक चाचणी या संदर्भात मोलाची आहे. एका गटास अधिक लोह असलेल्या बाजरीचे, तर दुसऱ्यास साध्या बाजरीचे पदार्थ सहा महिने देण्यात आले. भाकरी हा त्यांतील मुख्य पदार्थ होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील मुलांचे लक्ष व स्मरण यांत अधिक सुधारणा दिसली. रोजच्या ताटातील धान्याने हे साधले, ही बाब लक्षणीय आहे.

आपला भाग ज्वारीचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. त्यात दर किलोस सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते, तर प्रचलित वाणांत ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास असते.

पालकांनी काय करावे?

१. सकाळी उपाशीपोटी शाळेत पाठवू नये. रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची, तिळाची वा जवसाची चटणी हीदेखील चांगली न्याहारी होय.

२. मेथी, अंबाडी, करडईची भाजी, मटकी, हरभरा व डाळी आहारात असाव्यात. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. चालत असल्यास अंडी, मासे वा मांस द्यावे.

३. जेवणासोबत व जेवणानंतर लगेच चहा देऊ नये. त्याने लोहाचे शोषण घटते.

४. १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींना शाळेतून व अंगणवाडीतून आठवड्यास एक निळी गोळी विनामूल्य मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक आम्ल असते. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळसर होणे निरुपद्रवी आहे. वर्षातून दोनदा जंताची गोळीही घ्यावी.

५. आयोडीनयुक्त मीठ वापरावे आणि मुलांना पुरेशी झोप मिळू द्यावी. वाचलेले मनात पक्के होण्यास झोप आवश्यक असते.

१२ वर्षांपुढील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास उपचार हवेत. मात्र ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, सिकलसेल वा थॅलेसेमिया यांमुळेही ते घटू शकते. म्हणून अधिक मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

पालकांना आमची नम्र विनंती आहे की, टॉनिक विकत घेण्यापूर्वी मुलाचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जे ऊसतोडीस जातात, त्यांनी ही तपासणी दिवाळीपूर्वीच उरकावी आणि मुले ज्यांच्या हाती सोपवितात, त्या आजी-आजोबांस निळ्या गोळीचा वार सांगून जावे. उणीव भरून निघण्यास काही महिने लागतात. दिवाळीत सुरुवात झाली, तर परीक्षेपर्यंत तेवढा अवधी हाती असतो.