पोपट, पचका आणि मुलचेऱ्याची 'चेष्टा'

ऑफिसच्या पार्टीत कलीगच्या बायकोला तुम्ही उत्साहानं विचारता, 'काँग्रॅट्स! कितवा महिना?' आणि बिचारीचं नुसतंच वजन वाढलेलं असतं... झालंय कधी असं? माझं झालंय. नंतरचे पंधरा दिवस ग्रुपमध्ये मला एकच शब्द ऐकू येत होता. पोपट!

आपल्या मराठीत या बाबतीत काही कमी नाही. कॉलेज कट्ट्यावर पोपट होतो, पचका होतो, कचरा होतो. फारच झालं तर इज्जतीचा फालुदा. आईच्या पिढीची फजिती व्हायची. हा शब्द मूळ अरबी 'फजीहत'वरून आलेला. खजीलही अरबी, शरम फारसी. म्हणजे लाजायचे कितीतरी शब्द आपण बाहेरूनच आणले! २०२३ मध्ये तर रील्समधून थेट एका सर्बियन गाण्यातलं 'मोये मोये' आलं आणि महिनाभर प्रत्येक फजितीला तेच चिकटलं.

हाय-फाय लोक 'फॉ पा' म्हणतात. फ्रेंच शब्द, अर्थ 'चुकीचं पाऊल'. पण त्याचं शब्दशः मराठी करायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे पाऊल वाकडं पडलं की तो पार्टीतला विनोद राहत नाही, घरात मोठी बैठक बसते!

एक चेष्टा, दोन अर्थ

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते मुलचेऱ्याला. माझी मैत्रीण तिथे शिक्षिका आहे. दुर्गापूजेला ये म्हणाली. चंद्रपूर, गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टी आणि पुढे जंगलातून मुलचेरा. गडचिरोली जिल्ह्यातला हा तालुका म्हणजे भाषांची भेळ. गोंडी, माडिया, तेलुगू, 'पाणी'ला 'पानी' म्हणणारी झाडीबोली आणि गावंच्या गावं बंगाली. रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी भाषेत चुकतंच.

अशाच एका बंगाली गावात मैत्रिणीच्या ओळखीच्या काकांकडे आम्ही चहाला गेलो. शाळेच्या कार्यक्रमाला याल ना, असं तिनं विचारलं. काका गंभीरपणे म्हणाले, "नक्की नाही सांगत. पण चेष्टा करीन."

मला हसू आवरेना. मैत्रिणीनं कोपर मारलं. "अगं, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!"

झाला पोपट. माझाच. पण सगळ्यात जास्त काकाच हसले. आपल्या 'अभिमाना'चीही तीच गंमत असल्याचं त्यांनी सांगितलं. बंगालीत जवळच्या माणसानं मन दुखावलं की जो रुसवा येतो, तो अभिमान. मी डायरी काढून लिहून घेतलं. मस्त मैफल जमली होती.

आणि मग मी तो प्रश्न विचारला.

"काका, तुम्ही लोक बांगलादेशातून इथे कधी आलात?"

कुणीही हसलं नाही. मैत्रीण कपाकडे बघत बसली. काका म्हणाले, "आम्ही आलो तेव्हा बांगलादेश नव्हताच, मा. पूर्व पाकिस्तान होता. मी सहा वर्षांचा होतो. सरकारनं आणलं, सरकारनं जमीन दिली."

खरंच होतं. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या भागात वसवलं. तेव्हा हा सगळा चंद्रपूर जिल्हाच होता, गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. बांगलादेश जन्मला १९७१ मध्ये. साधं गणित, पण मी केलं नव्हतं.

पुढे जे झालं ते मी विसरू शकत नाही. काका उठून आत गेले आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत जमिनीचे कागद होते. एकेक घडी उलगडून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

मी कागद मागितले नव्हते. पण 'बांगलादेशातून कधी आलात' हा प्रश्न विचारणारा पुढे कागदच मागतो, हे त्यांना पाठ झालं असावं.

याला काय म्हणायचं?

परतीच्या एसटीत मी शब्द शोधत होते. पोपट? नाही. पचका? तोही नाही. कट्ट्यावरचे आपले हे सगळे शब्द आपलं हसं झालं तरच कामाचे. त्यांना प्रेक्षक लागतात, टाळ्या लागतात. इथे माझं काहीच बिघडलं नव्हतं. चूक माझी आणि मान खाली गेली ती सत्तरीला टेकलेल्या माणसाची, त्याच्याच अंगणात.

मग आजीचा शब्द आठवला. ओशाळणं. ओशाळायला प्रेक्षक लागत नाहीत. आपलं चुकलंय हे आपल्यालाच आतून कळतं. हा शब्द मी कित्येक वर्षांत वापरला नव्हता. कारण प्रत्येक चुकीवर 'झाला पोपट' म्हणून हसून मोकळं व्हायची सवय. हसलं की माफी मागायची गरज उरत नाही ना!

तेव्हा पुढच्या वेळी जीभ घसरली, तर आधी इतकंच बघा की हसं कुणाचं झालं. तुमचं झालं असेल तर बिनधास्त पोपट म्हणा, पार्टी द्या. समोरच्याची मान खाली गेली असेल, तर विनोद करू नका. 'सॉरी हं' असं ओझरतंही नको. सरळ माफी मागा.

मी मागितली होती. कागदांच्या घड्या परत घालायला मदत करताना म्हटलं, "काका, चुकलं माझं. मी नीट माहिती करून यायला हवं होतं."

काकांनी पिशवीला गाठ मारली आणि म्हणाले, "जाऊ दे. तू चेष्टाच करत होतीस. बंगालीतली."

निघताना मी सवयीनं 'येते' म्हटलं. बंगालीतही निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'आशी' म्हणतात. म्हणजे येते. हे एक मात्र मी न विचारता बरोबर बोलले होते.