कॉम्प्युटर चालू होत नाही? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी थांबा

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून. चिपळूणहून एका ताईने पाठवलाय. घरचा डेस्कटॉप चालू होईना, म्हणून तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने मशीन न बघताच सांगून टाकलं, ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ आणि त्या मशीनमध्ये आहेत आईच्या शिवणकामाचे ६ वर्षांचे हिशेब, गिऱ्हाइकांच्या मापांसकट. दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. ताईचा प्रश्न एवढाच: करू देऊ का फॉरमॅट?

माझं उत्तर: इतक्यात नको. ‘चालू होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात, आणि त्यातल्या पहिल्या दोघांवर फॉरमॅट हे औषधच नाही.

पहिला आजार म्हणजे बटण दाबलं तरी काहीच नाही. लाइट नाही, पंख्याचा आवाज नाही. इथे वीजच आत पोचत नाहीये, बिचाऱ्या विंडोजचा काय संबंध? त्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवा, प्लग थेट भिंतीत. डब्याच्या मागे, जिथे वायर घुसते तिथे, बऱ्याचदा एक छोटा स्विच असतो. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. साफसफाईत तो हमखास दाबला जातो. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेकदा तशीच असते, ती लावून बघा. एवढं करूनही हूं की चूं नसेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीवर. ती पेटी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातले कपॅसिटर चार्ज धरून बसतात आणि जोरदार झटका देतात.

दुसरा आजार माझ्या आवडीचा, कारण तो घरी बरा होण्याची शक्यता चांगली. पंखा फिरतोय, लाइट लागलाय, पण स्क्रीन काळी. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ असं येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्याकडे चित्र येत नाहीये. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्याच पोर्टात आहे ना, ते बघा.

मग रॅम. कॉम्प्युटर सुरू झाला की विंडोजच्या आधी स्वतःचे अवयव तपासतो. याला ‘पोस्ट’ म्हणतात. त्यात रॅम सापडली नाही की गाडी तिथेच थांबते. काही मशीन बीप वाजवून तक्रार करतात, काही गप्प बसतात. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसायला वेळ लागत नाही. तर असं करा. प्लग पूर्ण काढा. पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर उरलेली वीज जाते. बाजूचं झाकण उघडा आणि आधी मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा (नंतर दुवा द्याल!). कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. क्लिपा बाजूला करून रॅम काढा, पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवा, कचरा झटका. खाच जुळवून ‘टक्’ होईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

तिसरा आजार: कंपनीचा लोगो येतो आणि पुढे अडतं. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं काही दिसलं तर आधी लावलेले पेन ड्राइव्ह काढा. मग बायोसमध्ये जा. त्यासाठी सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबायचं, कंपनीनुसार बटण बदलतं. तिथे तुमची डिस्क दिसते का? दिसत नसेल तर तिची केबल सैल असू शकते. आणि जुन्या हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं की डिस्कचं नुकसान वाढत जातं.

विंडोजचा गोल नुसताच फिरतोय? दोन-तीनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीची स्क्रीन आणतं. त्यात ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप रिपेअर. सेफ मोडही तिथेच मिळतो. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली होती. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणं.

हेही जमलं नाही, तर आईचे हिशेब आधी बाहेर काढायचे. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये उबुंटू टाका, त्यावरून मशीन सुरू करा, ‘ट्राय’ निवडा (‘इन्स्टॉल’ नाही हं!) आणि फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा. मध्येच ४८ आकडी बिटलॉकर की मागितली तर घाबरू नका. बऱ्याचदा ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करूनही दिसते. त्या कीशिवाय डिस्क उघडणार नाही, दुकानदाराकडेही नाही.

ताई, मशीन दुकानात द्यायचंच झालं तर स्पष्ट सांग: आधी डेटा काढा, मग बाकीचं. डिस्क बदलली तर जुनी परत माग, ती तुझीच आहे. आणि पुढचा व्हॉइस मेसेज करशील तेव्हा स्क्रीनवर जे काही लिहून आलं असेल त्याचा फोटोही पाठव. ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलं’ यावरून मला काही कळत नाही गं!