शेजाऱ्याशी हातमिळवणी : कोवर्किंगची वीस वर्षं

ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने 9 ऑगस्ट 2005 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘स्पायरल म्यूझ’ नावाच्या घरात आठवड्यातून दोन दिवस टेबलं मांडायला सुरुवात केली. स्वतःच्या मर्जीनं काम करायचं, पण दिवसभर एकटं बसायचं नाही, एवढीच त्याची इच्छा होती. पहिला महिनाभर तिकडे कोणी फिरकलं नाही. एकाच जागेत टेबलं वाटून घेत आपापलं काम करण्याची ही कल्पना पुढे ‘कोवर्किंग’ या नावानं जगभर कशी पसरली, याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. या जागा चालवणाऱ्यांनी एकमेकांशी कसं नातं जोडलं, याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. वीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला तीच बाजू जास्त मोलाची वाटते.

पहिली जोडणी साधी होती. 2008 च्या सुमारास अमेरिकेतल्या काही जागांनी ‘कोवर्किंग व्हिसा’ सुरू केला. सिएटलमधल्या जागेचा सभासद कामानिमित्त दुसऱ्या शहरात गेला, तर तिथल्या जागेत त्याला काही दिवस, बहुधा तीन, फुकट बसता येई. ना करार, ना वर्गणी. इंटरनेटवर एक यादी होती आणि ज्यानं त्यानं आपापलं नाव त्यात लिहायचं. त्यामागचा मोकळेपणा मला आजही भावतो. पण यादी ताजी ठेवणं हे कोणाचंच काम नव्हतं. शिवाय परगावी जाणारा माणूस वर्षातून फार तर दोनदा जाणार. रोजच्या अडचणींना व्हिसाचा उपयोग नव्हता.

रोजची अडचण कॅनडात ओंटारिओच्या मंडळींनी नेमकी हेरली. तिथे दवाखान्याचा मूळ खर्च सरकार उचलतं. दातांचे उपचार, चष्मा, बरीचशी औषधं यांचा भार मात्र बहुधा नोकरी देणारी कंपनी विम्यातून उचलत असे. फ्रीलान्सरला कंपनीच नाही, मग विमा कुठला? अ‍ॅशली प्रॉक्टर यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ‘कोवर्किंग ओंटारिओ’नं प्रांतातल्या जागांच्या सभासदांचा एक गट मानून सामूहिक आरोग्य विमा मिळवला. एकट्या जागेच्या तीस-चाळीस सभासदांसाठी विमा कंपनीनं दारही उघडलं नसतं. मला हा सगळ्या मागोव्यातला कळीचा क्षण वाटतो. आपसातल्या सदिच्छेला इथे पहिल्यांदा व्यवहाराचा पाया मिळाला.

त्यानंतरची काही वर्षं बड्या भांडवलाची. कोवर्किंगच्या जागा भाड्यानं देणाऱ्या ‘वीवर्क’ या कंपनीचं मूल्य जानेवारी 2019 मध्ये 47 अब्ज डॉलर सांगितलं जात होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच काळात जर्मनीच्या उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये जे घडलं, ते मराठी वाचकाला लगेच ओळखीचं वाटेल. हाइनरिश ब्योल प्रतिष्ठानच्या तिथल्या शाखेनं 2018 मध्ये कोवर्किंगची एक फिरती जागा गावोगाव नेली. कंटेनरमध्ये टेबल-खुर्च्या, इंटरनेट, कॉफी. गावात तो थोडे दिवस थांबायचा आणि लोक येऊन बसून पाहायचे. गावात अशा जागेची गरज आहे का, याचं उत्तर अहवाल न लिहिता मिळायचं. त्यातून पुढच्याच वर्षी ‘कोवर्कलांड’ ही रीतसर सहकारी संस्था उभी राहिली. खेड्यांतल्या जागा चालवणारे तिचे भागधारक. आरक्षणाची यंत्रणा, नव्यानं सुरुवात करणाऱ्याला सल्ला, प्रसिद्धी, अशी जी कामं एकट्यादुकट्याला झेपत नाहीत ती संस्थेनं करायची. भिंतींचा रंग, चहापाण्याची तऱ्हा ज्याची त्यानं ठरवायची. आपल्याकडे 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे जर्मनीतल्या रायफायझनच्या ग्रामीण पतपेढ्यांचा नमुना होता. ज्या मातीतून आपण सहकार घेतला, तिथेच तो आता लॅपटॉपवर काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडतो आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

आयर्लंडनं जागा जोडण्याच्या या कामात सरकारला ओढलं. कॉर्क परगण्यातल्या स्किबरीन या छोट्या गावाची ओळख 1840 च्या दशकातल्या भीषण दुष्काळाशी आणि नंतरच्या स्थलांतराशी जोडलेली आहे. तिथे 2016 मध्ये एका जुन्या बेकरीच्या इमारतीत ‘लुडगेट हब’ ही कोवर्किंगची जागा सुरू झाली. नाव पर्सी लुडगेटचं. याच गावात जन्मलेल्या या माणसानं 1909 मध्ये गणकयंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला होता. गावात एक गिगाबिटचं इंटरनेट आलं आणि बाहेर गेलेली काही कुटुंबं परतून स्थिरावली. पश्चिम किनाऱ्यावर केरीपासून डोनेगलपर्यंत अशा जागा विखुरलेल्या होत्या. कुठे गावकऱ्यांच्या मंडळानं चालवलेल्या, कुठे खासगी, कुठे सरकारी उद्योगकेंद्रातल्या. ‘वेस्टर्न डेव्हलपमेंट कमिशन’नं आधी त्या शोधून एकत्र आणल्या आणि मे 2021 मध्ये त्यातूनच ‘कनेक्टेड हब्ज’ हे देशव्यापी जाळं झालं. पुढे त्यात तीनशेहून अधिक जागा आल्या. 2022 मध्ये सरकारनं दहा हजार दिवसांची फुकट बैठक वाटली, म्हणजे लोकांनी निदान एकदा जवळच्या जागेत पाऊल टाकावं.

मला यात सर्वांत शहाणपणाची वाटते ती एक साधी गोष्ट. जाळं सांभाळणारी माणसं पगारावर आहेत. व्हिसाच्या यादीला जे मिळालं नाही, ते इथे मिळालं. अडचण आता वेगळीच आहे. मार्च 2024 पासून आयर्लंडमध्ये कर्मचाऱ्याला दूरस्थ कामाची मागणी करण्याचा हक्क मिळाला, पण मालकाला नकार देता येतो. कंपन्या पुन्हा कार्यालयात बोलावू लागल्या की गावातली टेबलं रिकामी पडणार. म्हणून या जोडणीनं आता सभासदांइतकंच मालकांशीही बोललं पाहिजे. एकट्या हबचं कोणी ऐकणार नाही, तीनशे जागांचं ऐकावं लागेल.

आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून गावी परतलेले कितीतरी जण रेंजसाठी टेकडीवर चढत होते. मोठ्या शहरांत साखळी कंपन्यांच्या चकचकीत जागा आहेत, तालुक्याच्या गावाला त्या परवडणाऱ्या नाहीत. पण तालुक्याला सार्वजनिक वाचनालय असतं, त्याला इमारत असते आणि दुपारी तिथली टेबलं मोकळी असतात. जिल्हा ग्रंथालय संघ तर कधीचेच आहेत. म्हणजे जागा आहेत आणि जागांची संघटनाही आहे. चिपळूण, गुहागर, दापोली अशा लगतच्या तीन-चार वाचनालयांनी एक खोली, चांगलं इंटरनेट आणि विजेची बॅकअप व्यवस्था द्यावी, आरक्षण एकत्र ठेवावं आणि ते सांभाळायला एक पूर्ण वेळचा माणूस नेमावा. त्याच्या पगाराची तरतूद मात्र खुर्च्या घेण्याआधी करावी.