पाण्यावरचा अदृश्य नांगर

मासेमारीत जाळे आणि गळ यांच्याइतकेच महत्त्व होडीच्या जागेला असते. मासे पाण्याखालील खडकांच्या वा उतारांच्या आश्रयाने राहतात. होडी तेथून थोडी सरकली तरी गळ रिकामाच वर येतो. कोकणातील तांडेल किनाऱ्यावरील डोंगर, देवळाचा कळस आणि दीपगृह यांची रेषा जुळवून अशा जागांच्या खुणा पूर्वापार लक्षात ठेवीत आला आहे. परंतु जागा सापडणे वेगळे आणि तेथे टिकून राहणे वेगळे. नांगराचा दोर खोल पाण्यात अपुरा पडतो, खडकात नांगर अडकतो. आणि वल्हे मारीत राहिल्यास हात गळासाठी मोकळे राहत नाहीत. कावेरीच्या प्रवाहात बांबूची गोल होडी सांभाळणाऱ्या नावाड्याचीही हीच अडचण असते.

या अडचणीवर उपग्रहांच्या साहाय्याने उत्तर शोधले गेले. अमेरिकेतील मिन कोटा या कंपनीने २०१० मध्ये होडीला एका जागी धरून ठेवणारी जीपीएसयुक्त विजेची मोटर बाजारात आणली. अशा मोटरींना ट्रोलिंग मोटर म्हणतात.

हे घडते कसे?

ही मोटर बहुधा होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर बसवितात. तिच्यातील ग्राहक यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश घेते आणि ते पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून आपले स्थान काढते. हे संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असल्याने घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणूनच उपग्रहांवर आण्विक घड्याळे बसविलेली असतात.

नावाड्याने कळ दाबताच त्या क्षणाचे स्थान यंत्र स्मरणात ठेवते. वाऱ्याने होडी सरकली की अंतर आणि दिशा मोजून मोटर आपोआप वळते, आवश्यक तेवढ्या वेगाने फिरते आणि होडीस परत आणते. होडी कोणत्या दिशेस तोंड करून आहे, हे स्थिर अवस्थेत एकट्या जीपीएसला सांगता येत नाही. त्यासाठी सोबत होकायंत्राची जोड असते.

होडी थोडी पुढे-मागे सरकवणे, आखलेल्या वाटेने नेणे आणि वेग कायम राखणे हीदेखील कामे ही मोटर करते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. केवळ नाळेची दिशा कायम ठेवली, तर आडवा वारा होडीस हळूहळू बाजूला ढकलतो. जमिनीवरील मार्ग कायम राखावयाचा असेल, तर नाळ वाऱ्याकडे थोडी कलती ठेवावी लागते. नवीन यंत्रे हा हिशेब स्वतः करतात.

मर्यादांचे भान

या नांगराचे सारे बळ बॅटरीत आहे. पाण्यातून दुप्पट वेगाने जाण्यास साधारण आठपट शक्ती लागते. त्यामुळे जोराचा वारा किंवा ओढ असताना बॅटरी झपाट्याने उतरते. ती संपली की होडी वाहू लागते, म्हणून लोखंडी नांगर सोबत असावाच. मोटर कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होत असल्याने पाण्यात उतरलेल्या माणसाने तिच्या पात्यांपासून दूर राहावे.

मोठ्या जहाजांवर हेच तत्त्व अनेक यंत्रांच्या साहाय्याने वापरतात. मुंबई हाय येथे २७ जुलै २००५ रोजी समुद्र सुरक्षा या जहाजाच्या जागा धरणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला होता. हाताने नियंत्रण करीत जखमी कर्मचाऱ्यास फलाटावर पोहोचविताना ते लाटांनी ढकलले जाऊन फलाटाच्या तेलनळीवर आदळले. त्यातून लागलेल्या आगीत २२ जणांनी प्राण गमावले. काही मीटरचा प्रश्न कधी कधी जिवावर बेततो तो असा.

बंगळुरूहून किनाऱ्याकडे

आपल्या मच्छीमार नौका बहुतांशी डिझेलवर चालतात; त्यांना अशी मोटर पुरणार नाही. मात्र अचूक स्थानाची गरज त्यांनाही आहे. या कामी बंगळुरूचा वाटा मोठा आहे. इस्रोचे मुख्यालय याच शहरात आहे आणि शहराजवळील ब्यालालू येथे २०१३ मध्ये भारतीय दिशादर्शन केंद्र सुरू झाले. जीपीएसच्या चुका सुधारणाऱ्या गगन प्रणालीचे नियंत्रण केंद्रही बंगळुरूत आहे.

२०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले, तेव्हा खोल समुद्रातील अनेक मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर मोबाइल मुका होतो. २०१९ मध्ये आलेल्या जेमिनी या यंत्राने गगनच्या उपग्रहांमार्फत वादळाचे इशारे आणि मासळीच्या जागांची माहिती दूर समुद्रात पोहोचविण्याची सोय केली. ते यंत्र केवळ ऐकू शकते. नौकेवरूनही संदेश पाठविता यावा, यासाठी इस्रोच्या तंत्रावर आधारलेली संदेशयंत्रे एक लाख नौकांवर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. संकटात मदत मागणे आणि सागरी सीमा जवळ आल्याची सूचना मिळणे त्यामुळे शक्य होते.

नौका ही कोळी कुटुंबाची सर्वांत मोठी गुंतवणूक असते. नेमक्या जागी पोहोचलेली नौका व्यर्थ फेऱ्यांचे डिझेल वाचविते आणि सीमा ओळखणारी नौका आपल्या माणसांसह घरी परतते. डोंगर आणि कळसाच्या खुणा तांडेलाने विसराव्यात असे मात्र नाही. बॅटरी उतरल्यावर त्याच उपयोगी पडतात.