म्युनिकमधील कॅमेलिया: थंडीपेक्षा मोठे तीन शत्रू

फेब्रुवारी उजाडला की म्युनिकमधील उद्यान-केंद्रांच्या दर्शनी भागात कॅमेलियाच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. गडद हिरवी, मेणासारखी चमकणारी पाने आणि त्यांत पांढरी, गुलाबी, लाल फुले. बाहेर सारे काही करडे असताना हे झाड पाहून हात आपोआप पाकिटाकडे जातो. घरी आणल्यावर मात्र पंधरा-वीस दिवसांत टपोऱ्या कळ्या न उमलताच गळू लागतात, पाने पिवळी पडतात आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत कुंडी रिकामी होते. ‘इथल्या थंडीत हे झाड जगत नाही’ असा निष्कर्ष मग काढला जातो.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. म्युनिकमध्ये कॅमेलिया मरते ती बहुधा चुन्याने, दिवाणखान्याच्या उबेने किंवा तहानेने. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

चहाचे भावंड

कॅमेलिया हे नाव मोराव्हियातील ब्रनो येथे जन्मलेल्या आणि मनिला येथे कार्य केलेल्या गेओर्ग योझेफ कामेल या जेझुइट वनस्पती-अभ्यासकाच्या स्मरणार्थ लिनियसने दिले. बागेतील बहुतेक जाती ‘कॅमेलिया जापोनिका’ या पूर्व आशियाई प्रजातीपासून निघाल्या आहेत. आपल्या रोजच्या चहाचे झाड म्हणजे ‘कॅमेलिया सायनेन्सिस’, याच कुळातील सख्खे भावंड. नीलगिरी किंवा आसामचे चहाचे मळे आठवले, की कॅमेलियाला काय हवे ते निम्मे समजते: आम्लधर्मी माती, दमट हवा, भरपूर पण साचून न राहणारे पाणी.

म्युनिक नेमके याच्या उलट आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटर उंचीवर, आल्प्समधून वाहून आलेल्या चुनखडीयुक्त दगडगोट्यांच्या पठारावर वसले आहे. आल्प्सच्या दक्षिणेला, लागो माज्जोरेच्या काठी असलेल्या लोकार्नोत कॅमेलियाचे स्वतंत्र उद्यान आहे आणि तेथे ही झाडे उघड्यावर डेरेदार वाढतात. तेथील हिवाळा सौम्य आहे हे खरेच. पण तेथील माती आम्लधर्मी आहे, हेही तितकेच महत्त्वाचे.

पहिला शत्रू: चुना

कॅमेलियाला साधारण ४.५ ते ५.५ सामू असलेली माती मानवते. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. चुनखडीच्या जमिनीत ऊस किंवा भुईमूग पिवळा पडला की आपला शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतो आणि हिराकस फवारतो. म्युनिकच्या बाल्कनीत कॅमेलियाला होणारा रोग तोच.

म्हणून कुंडीत साधी बागेची माती न वापरता ‘ऱ्होडोडेन्ड्रॉन-एर्डे’ या नावाने मिळणारी आम्लधर्मी माती वापरावी. परंतु माती बदलून काम अर्धेच होते. म्युनिकचे नळाचे पाणी मुख्यतः मांगफाल खोऱ्यातून येते. ते पिण्यास उत्तम, पण जड आहे; किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर प्रत्येक घराने पाहिला आहे. तेच पाणी वर्षभर कुंडीत घातले, तर उत्तम मातीही हळूहळू चुनखडीची होते. पावसाचे पाणी हा सर्वांत चांगला उपाय. सदनिकेत ते साठवणे शक्य नसेल, तर पाणी उकळून थंड करावे आणि तळाचा गाळ सोडून वरचे वापरावे, किंवा त्यात निक्षारित पाणी मिसळावे.

दुसरा शत्रू: उबदार दिवाणखाना

कळ्या धरलेल्या कॅमेलियाला हिवाळ्यात ५ ते १० अंश तापमान आणि स्वच्छ उजेड हवा असतो. आपल्या दिवाणखान्यात २१ अंश उष्णता आणि हीटरमुळे कोरडी झालेली हवा असते. अशा जागी कळ्या गळणे अटळ आहे. फुललेले झाड दोन-तीन दिवस पाहुण्यांसाठी आत आणावे, पण मुक्काम बाहेरच ठेवावा.

तात्पर्य, कुंडी शक्य तितकी बाल्कनीतच असावी. तापमान उणे ५ अंशांच्या खाली जाण्याची चिन्हे दिसली की ती थंड व्हरांड्यात, न तापवलेल्या खोलीत किंवा खिडकी असलेल्या तळघरात हलवावी. भूमिगत वाहनतळ चालत नाही. सदाहरित झाडाला अंधार सोसत नाही. जिन्यातील खिडकी आदर्श वाटते, पण तेथे कुंडी ठेवण्यापूर्वी इमारतीचे नियम पाहावेत आणि घरमालकाची परवानगी घ्यावी, कारण जिना ही आगीच्या वेळची सुटकेची वाट असते.

आणखी एक बारकावा. कळ्या फुगत असताना कुंडीची दिशा बदलू नये. उजेडाची बाजू बदलल्यानेही कळ्या गळू शकतात. खिडकीकडील बाजूला खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे कुंडी हलवली तरी पुन्हा तशीच ठेवता येते.

तिसरा शत्रू: हिवाळ्यातील तहान

पानझडी झाडे हिवाळ्यात पाने टाकून निश्चिंत होतात. कॅमेलियाची पाने मात्र जानेवारीच्या उन्हातही पाणी बाहेर टाकत असतात. माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यात आल्प्सवरून उतरणारा उबदार, कोरडा फ्योन वारा सुटला, की झाड उभ्याउभ्या वाळते. वसंतात तपकिरी झालेली पाने पाहून आपण थंडीला दोष देतो. प्रत्यक्षात तो दुष्काळ असतो. म्हणून हिवाळ्यात न गोठणाऱ्या दिवसांत थोडे पाणी घालावे आणि कडाक्याच्या थंडीत पानांवर हवा खेळती ठेवणारे संरक्षक कापड टाकावे. प्लॅस्टिक टाळावे.

जमिनीत लावायचे असेल तर

स्वतःची बाग असलेल्यांनी थंडी सोसणाऱ्या जाती निवडाव्यात. मूळ कॉर्नवॉलमध्ये सुरू झालेल्या विल्यम्सी संकर-गटातील ‘डोनेशन’ आणि ‘डेबी’ या जाती सहज मिळतात. अमेरिकेत विल्यम ॲकरमन यांनी ‘कॅमेलिया ओलिफेरा’ या काटक प्रजातीपासून ‘विंटर्स’ नावाने सुरू होणाऱ्या जाती तयार केल्या. त्या अधिक थंडी सोसतात, पण शरद ऋतूत फुलत असल्याने म्युनिकच्या लवकर येणाऱ्या हिमात फुले सापडण्याचा धोका असतो.

लागवड शरदात न करता एप्रिल-मेमध्ये करावी, म्हणजे पहिल्या हिवाळ्यापूर्वी मुळे स्थिरावतात. जागा अर्धसावलीची, वाऱ्यापासून आडोशाची असावी. पूर्वेकडील भिंत टाळावी. गोठलेल्या कळ्यांवर सकाळचे ऊन पडले की त्या करपतात. मुळे उथळ असल्याने झाड खोल पुरू नये आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे किंवा सालीचे आच्छादन ठेवावे. चुनखडीच्या जमिनीत खड्डा भरण्यापेक्षा आम्लधर्मी मातीचा उंच वाफा अधिक टिकतो. ऱ्होडोडेन्ड्रॉनचे खत एप्रिल ते जुलै, तेही अर्ध्या मात्रेत द्यावे. त्यानंतर खत दिल्यास फुटणारी कोवळी पालवी हिवाळ्यात मरते. छाटणी फुलांनंतर लगेच करावी.

भारतवारीचे वेळापत्रक

आपल्या कुटुंबांसाठी खरी अडचण येथे आहे. पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यात, नव्या पालवीची वाढ थांबल्यावर तयार होतात. बव्हेरियातील शाळांची सहा आठवड्यांची सुटी ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि आपण भारतात जातो. त्या काळात कुंडी एकदा जरी पुरती सुकली, तरी झाड जगते; पण कळ्या पुढे गळतात. दोष फेब्रुवारीत दिसतो, घडलेला असतो ऑगस्टमध्ये. डिसेंबरमध्ये जाणाऱ्यांची कुंडी नेमकी हिमाच्या दिवसांत बेवारस होते.

उन्हाळ्यात कुंडी उत्तरेकडील सावलीत ठेवावी आणि शेजाऱ्यांना पाण्याच्या भरलेल्या कॅनसह साधी सूचना लिहून द्यावी: माती ओलसर राहावी, बशीत पाणी साचू नये. हिवाळ्यासाठी काही रोपवाटिका शुल्क घेऊन कुंड्या सांभाळतात. ‘उबरविंटरुंग’ हा शब्द वापरून चौकशी करावी. शुल्क कुंडीच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून आधी विचारलेले बरे.

जर्मनीतील सर्वांत प्रसिद्ध कॅमेलिया ड्रेस्डेनजवळच्या पिलनित्स राजवाड्याच्या उद्यानात आहे. १८०१ मध्ये तेथे लावलेले हे झाड आज जवळपास नऊ मीटर उंच आहे. जानेवारी १९०५ मध्ये त्याच्या लाकडी आडोशाला आग लागली. विझवण्यासाठी मारलेले पाणी कडाक्याच्या थंडीत झाडावरच गोठले, तरीही ते पुन्हा फुटले. १९९२ पासून हिवाळ्यात त्याच्यावर रुळांवरून सरकणारे काचघर आणले जाते आणि आत गोठणबिंदूच्या थोडे वर इतकेच तापमान राखले जाते.

म्हणजे दोन शतकांच्या अनुभवानंतर तज्ज्ञांनीही या झाडाला ऊब दिलेली नाही. थंड, उजेडाचा, ओलसर आडोसा दिला आहे. आपल्या घरात असा एक कोपरा आणि वर्षभर चुनाविरहित पाण्याची सोय असेल, तर फेब्रुवारीत कुंडी जरूर घ्यावी. नसेल, तर ती फुले निम्फेनबुर्गच्या वनस्पती उद्यानासारख्या ठिकाणी पाहावीत. झाडाचे आणि पाकिटाचे, दोहोंचे हित त्यातच आहे.