पाणी उतरेपर्यंत

आषाढ शुद्ध चतुर्दशीला साधुसाध्वींचा वर्षावास सुरू होतो आणि कार्तिकापर्यंत त्यांचा विहार थांबतो. पावसाळ्यात भूमीवर उगवणारी वनस्पती आणि संचारणारी सूक्ष्म जीवसृष्टी पायाखाली येऊ नये, हे त्यामागील मुख्य कारण. गृहस्थाला हा नियम नाही. त्याची पेढी पावसाळ्यातही उघडी असते आणि कर्जाचा हप्ता अधिक महिना पाहत नाही. त्यातून पुणे–बेंगळुरू महामार्गासारखा चौपदरी रस्ता दाराशी आला, की प्रवासाला ऋतू असतो ही गोष्टच माणूस विसरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये हा महामार्ग कोल्हापूरच्या वेशीवर, शिरोलीजवळ, जवळपास आठवडाभर पाण्याखाली होता. त्या आठवड्यात माझे एक जुने व्यापारी मित्र आणि मी त्या पाण्याच्या अलीकडे अडकून पडलो होतो.

कोल्हापूरचे पाणी समजून घेण्यासाठी पंचगंगा समजून घ्यावी लागते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीपासून पंचगंगा होते. यांतील बहुतेक पाणी सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरून येते. भोगावतीवरचे राधानगरी धरण ही राजर्षी शाहू महाराजांची दूरदृष्टी. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. पुढे पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि पाणी मागे फुगत जाते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले.

माझे मित्र पुण्यातील कापडाचे व्यापारी. मी शाखेत अधिकारी आणि ते खातेदार, अशी आमची ओळख झाली; तिला आता तीस वर्षे होतील. ते मला अजून ‘साहेब’ म्हणतात व मी त्यांना ‘शेठ’. त्यांच्या धाकट्या भगिनी कोल्हापुरात शाहूपुरीत राहतात. यजमान गेल्यावर त्यांनी साड्यांचे दुकान बंद केले नाही. खाली दुकान, वर राहते घर. मुलगा नोकरीनिमित्त परदेशी. नागपंचमीच्या रात्री, ५ ऑगस्टला, त्यांचा फोन आला. जयंती नाल्याचे पाणी गल्लीच्या तोंडाशी आले होते. शेठजींचे चिरंजीव खरेदीसाठी सुरतेला गेलेले, आणि शेठजींनी रात्री गाडी चालवणे डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडलेले. पहाटे चार वाजता त्यांनी मला विचारले, “साहेब, येता का?” साडेचारला आम्ही निघालो.

खंबाटकी घाटात काचेवर पाण्याखेरीज काही दिसत नव्हते. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर दोन्ही नद्यांचे वेगळेपण संपून एकच तांबडा पसारा झाला होता. कोयनेचे १०५ टीएमसीचे धरण तेव्हा विसर्ग करीत होते. किणी टोलनाक्याच्या अलीकडे मालट्रकांची रांग लागली ती संपेना. पोलिसांनी गाडी कडेला घ्यायला सांगितले. शिरोलीच्या पुढे रस्ता उरलाच नव्हता. नकाशात भगिनींचे घर वीस-बावीस किलोमीटरवर दिसत होते, आणि मोबाईलमधली ती बाई शांतपणे ‘सरळ जा’ असे सांगत होती.

दुपारपर्यंत आसपासच्या गावांतील तरुण भात-आमटी घेऊन रांगेत फिरू लागले. आमटीत कांदा, भाजी बटाट्याची. शेठजींनी हात जोडून नकार दिला. वाढणारा मुलगा गोंधळला. त्याच्याबरोबरच्या वयस्क शेतकऱ्याने मात्र खुलासा न मागता ओळखले. “जैन हाईसा न्हवं? मग आदी सांगायचं! आमीबी जैनच की.” शेठजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. डोक्याला पटका, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भाताचे पातेले.

आपल्या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या मनात जैन म्हटले की पेढी, वखार, सराफकट्टा येतो. पण हातकणंगले, शिरोळ, सांगली, बेळगाव या पट्ट्यात शेकडो वर्षांपासून नांगर धरणारा दिगंबर जैन समाज आहे. त्यांची नावे पाटील, चौगुले, मगदूम. घरची भाषा मराठी वा कन्नड. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील याच समाजातले. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोजचा. हे मला ठाऊक होते, कारण नोकरीच्या काळात या भागातील पीककर्जे मी पाहिली होती. शेठजींना ते सत्तरीच्या उंबरठ्यावर, एका पातेल्यापाशी कळले.

त्या गृहस्थांनी सल्ला दिला, “पाणी उतरस्तवर हितं रस्त्यावर काय करतासा? बाहुबलीला जावा.” वाठारवरून वडगाव, हातकणंगले असे वळसे घेत आम्ही सूर्यास्ताच्या थोडे आधी कुंभोजनजीकच्या बाहुबली क्षेत्रावर पोहोचलो. धर्मशाळेत खोली मिळाली. चौविहाराची वेळ टळू नये म्हणून तेथील माणसांनी आम्हांला आधी जेवायला बसवले, नोंदवहीत नाव मागाहून लिहिले.

भगिनींचा शेवटचा फोन त्याच दिवशी दुपारी दीड वाजता आला होता. दुकानात पोटरीभर पाणी, वीज गेलेली, बॅटरी संपत आलेली. त्यानंतर फोन लागेना. शेठजी रात्रभर दर अर्ध्या तासाने तोच क्रमांक फिरवीत होते आणि तीच ध्वनिमुद्रित सूचना ऐकत होते. मी त्यांना झोपा असे म्हटले नाही. म्हणून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, श्रावण शुद्ध सप्तमी होती. दिगंबर परंपरेत हा पार्श्वनाथांचा मोक्षकल्याणक दिन. निर्वाणलाडू चढवला जातो. आपण श्वेतांबर तो अष्टमीला मानतो. क्षेत्राच्या पायथ्याशी बाहुबलींची २८ फुटी संगमरवरी मूर्ती आहे आणि वर डोंगरावर जगवल्लभ पार्श्वनाथांचे श्वेतांबर मंदिर. आम्ही सप्तमी खाली पाळली आणि अष्टमीला पावसात डोंगर चढलो. तिथींचा वाद घालणाऱ्यांनी एकदा असे अडकून पाहावे, दोन्ही दिवस सोयीचे वाटतात.

पार्श्वनाथांच्या उपसर्गाची कथा लहानपणापासून ऐकलेली. कमठाच्या जीवाने मेघमाळी होऊन मुसळधार पाऊस पाडला, ध्यानस्थ प्रभूंच्या नासिकेपर्यंत पाणी चढले, मग धरणेंद्राने फणा धरला. फणांची ती प्रतिमा आपल्याकडे घरोघर असते. मात्र पाणी चढत जाण्याचा तो मधला काळ कुणी फारसा सांगत नाही. शेठजी मंदिरात बसले होते ते त्याच मधल्या काळात. बाहेर पावसाने डोंगराच्या पायऱ्यांचा ओढा केला होता आणि खाली वारणेकडचा मुलूख करडा, सपाट दिसत होता. त्यात शेत कुठले व नदी कुठली हे सांगता येत नव्हते.

डोंगर उतरून आलो तेव्हा, अष्टमीच्या दुपारी, अनोळखी क्रमांकावरून फोन आला. भगिनी सुखरूप होत्या. आदल्या दिवशी बोटीतून त्यांना बाहेर काढून उंचावरील एका मंगल कार्यालयात नेले होते आणि एका स्वयंसेवकाचा फोन मागून त्या बोलत होत्या. शेठजींना गळ्यातून शब्द फुटेना, म्हणून फोन मी घेतला. त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी : “भाऊ, उधारीची वही आणि चोपडी माझ्याबरोबर आहे. दादांना सांगा.”

नोकरीत मी शेकडो दुकानांची तपासणी केली. मालाचा विमा आहे का, हे मी नेहमी विचारले. उधारीची वही पुराच्या दिवशी कुठे असेल, हे कोणत्याच तपासणीपत्रकात नसते. माल भिजला तर विमा आहे. गावोगावच्या गिऱ्हाइकांकडे असलेले तीन लाख रुपये भिजलेल्या कागदावरून कोण वसूल करणार?

त्या संध्याकाळी शेठजींना प्रथमच आकडे सुचू लागले. भगिनींच्या दुकानाला एका बँकेची कॅश क्रेडिट होती. बँक दरवर्षी हप्ता परस्पर खात्याला टाकून पॉलिसीचे नूतनीकरण करी. विमा रक्कम मात्र कैक वर्षांपूर्वीची, बारा लाखांची, तशीच चालत आली होती. दुकानात माल अठरा लाखांचा. शेठजी म्हणाले, “नुकसान बारा लाखांच्या आतच असेल. मग चिंता कसली?” इथे मला त्यांना अॅव्हरेज क्लॉज समजावून सांगावा लागला. व्यापारी कुटुंबांतही ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून येथे विस्ताराने लिहितो.

अठरा लाखांच्या मालाचा विमा बाराच लाखांचा असेल, तर एक तृतीयांश जोखीम तुम्ही स्वतःच उचलली आहे असे विमा कंपनी धरते. मग नुकसान कितीही असो, त्याच्या दोन तृतीयांशच भरपाई मिळते. साडेसात लाखांचे नुकसान झाले तर पाच लाख. त्यातूनही नैसर्गिक आपत्तीसाठी पॉलिसीतील ठरावीक वजावट होते ती वेगळी. दुसरे असे की, आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराची जोखीम अंतर्भूत आहे की हप्ता वाचवण्यासाठी वगळली आहे, हे पहिल्या पानावर नव्हे, सोबतच्या परिशिष्टात पाहावे लागते. सुदैवाने भगिनींच्या पॉलिसीत ती होती. तिसरे, भिजलेला माल सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय फेकू नये. दुर्गंधी सुटली तरी वेगळा रचून त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि बँकेला दर महिन्याला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटच्या प्रती काढून ठेवाव्यात. धर्मशाळेतल्या कंदिलापाशी मी हे सारे एका कागदावर लिहिले. शेठजींनी तो घडी करून पूजेच्या पिशवीत ठेवला.

सोमवारी, १२ तारखेला, महामार्गावरून अत्यावश्यक मालाची वाहने सोडू लागले. आमची गाडी मंगळवारी गेली. शिरोलीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाची एक सरळ रेघ भिंतींवर उमटली होती, आणि ती माझ्या डोक्याच्या वर होती. शहरात पेट्रोल नव्हते, आणि उपसा केंद्रे बुडाल्यामुळे पिण्याचे पाणीही नव्हते. पुरात बुडालेल्या गावाला पाण्याचे टँकर लागतात, हे दृश्य पाहिल्याखेरीज खरे वाटत नाही.

दुकानाचे शटर चौघांनी मिळून उचलले. खालच्या तीन फळ्यांवरचे तागे फुगून एकमेकांना चिकटले होते. पक्क्या रंगाच्या साड्यांतूनही रंग वाहून काउंटरखाली जांभळा चिखल साचला होता. भगिनी दारातच उभ्या होत्या. रडल्या नाहीत. शेठजींनी पुण्याला चलण्याचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, गौरी-गणपतीची गिऱ्हाइकी तीन आठवड्यांवर आली आहे. मी पुण्याला येऊन काय करू? तुम्हीच दोन दिवस राहा.” शेठजी राहिले. त्या गुरुवारी राखीपौर्णिमा होती. मी बसने परतलो, गाडी त्यांच्याकडे ठेवून.

दावा मंजूर व्हायला पाच महिने लागले. वाळवून विकता आलेला माल वजा जाता नुकसान साडेसात लाखांचे धरले गेले आणि हातात पावणेपाच लाख आले. उरलेली तूट भगिनींनी उधारीच्या वहीतून भरून काढली. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांची घरेही पुरात गेलेली. तरीही दसऱ्यापासून एकेक जण येऊन जमेल तेवढे मांडून गेला. वसुलीच्या नोटिसा लिहिण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून नवल वाटले, ते मी लपवीत नाही.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा २०१९ पेक्षाही वर चढली, ५६ फुटांपलीकडे. महामार्ग शिरोलीला पुन्हा बंद झाला. यावेळी शेठजींचा फोन आला तो गाडीसाठी नव्हता. भगिनींनी पाणी ३९ फुटांवर असतानाच माल वरच्या मजल्यावर नेला होता, पॉलिसी बावीस लाखांची करून घेतली होती, आणि उधारीची वही सोबत घेऊन त्या तीन दिवस आधीच उंचावरच्या नातलगांकडे राहायला गेल्या होत्या.