पाच मीटरचा कागद आणि हजार मैलांचा रस्ता

१ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहरातून एक रुपेरी मर्सिडीज सुटली. सुटण्याची वेळ हाच तिचा क्रमांक होता, ७२२. दहा तास, सात मिनिटं आणि अठ्ठेचाळीस सेकंदांनी ती त्याच शहरात परत आली. मधल्या वेळात ती रोमपर्यंत जाऊन आली होती आणि तिनं १,५९७ किलोमीटर कापले होते. रस्ते रोजच्या वापरातले होते. गावं, चौक, पूल, रेल्वेची फाटकं आणि दोन मोठे घाट, सगळं वाटेत होतं. ताशी सरासरी वेग पडला १५७.६५ किलोमीटर. ‘मिल्ले मिल्या’ म्हणजे हजार मैलांच्या त्या शर्यतीत इतका वेग आधी कुणी गाठला नव्हता आणि नंतरही कुणाला गाठता आला नाही. ही हकिकत सहसा स्टर्लिंग मॉस या पंचविशीतल्या इंग्रज चालकाच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. धाडस होतंच, पण या शर्यतीत ते पाचशे जणांकडे होतं. मॉसच्या शेजारच्या आसनावर एक ठेंगणा, दाढीवाला पत्रकार बसला होता आणि त्याच्या हातात पाच मीटरहून लांब कागदाची गुंडाळी होती. त्या दिवशीचा निकाल समजून घ्यायचा तर आधी त्या गुंडाळीकडे पाहायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

शर्यतीचा जन्म रुसव्यातून झाला. इटलीची पहिली ग्रां प्री १९२१ साली ब्रेशियाजवळ झाली आणि पुढच्याच वर्षी ती मिलानजवळच्या मोंझा इथे नव्या बांधीव मार्गावर गेली. ब्रेशियाच्या मंडळींना ते लागलं. आयमो माज्जी, फ्रांको माझोत्ती, रेंझो कास्तान्येतो आणि पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रिनी या चौघांनी मिळून १९२७ साली स्वतःची शर्यत उभी केली, तीही मोंझाच्या अगदी उलट स्वभावाची. मोंझाला चालक तीच वळणं दिवसभर पुन्हा पुन्हा घेतो. पहिल्या फेरीत चुकलं तर दुसरीत सुधारता येतं आणि दहाव्या फेरीपर्यंत हातापायांनाच रस्ता पाठ होतो. इथे फेरी एकच. हजारो वळणांपैकी प्रत्येक वळण एकदाच भेटणार आणि चुकलं तर चुकलं. शिवाय गाड्या एकदम सुटत नसत. लहान इंजिनांच्या गाड्या आदल्या रात्रीपासून ठरावीक अंतरानं निघत आणि सर्वांत वेगवान गाड्यांची पाळी सकाळी येई. त्यामुळे पुढे कोण, मागे कोण हे रस्त्यावर दिसण्याची सोय नव्हती. स्पर्धा घड्याळाशी होती, आणि त्याहून जास्त पुढच्या वळणापलीकडे काय आहे या प्रश्नाशी. चढाच्या माथ्यावर पोचल्यावर रस्ता सरळ उतरतो की डावीकडे वळतो, हे ज्याला आधीच ठाऊक असेल त्याला पाय उचलावा लागत नाही. ज्याला ठाऊक नसेल तो कितीही शूर असला तरी उचलतो, आणि त्यानं उचलावाच.

मग ठाऊक कुणाला असणार? तिथल्याच माणसाला. १९२७ ते १९५७ या काळात ही शर्यत चोवीस वेळा झाली आणि त्यातल्या एकवीस वेळा इटालियन जिंकले. क्लेमेंते बिओंदेत्ती एकटाच चारदा जिंकला. परदेशी विजेते फक्त तीन वेळा. त्यातली १९४० ची शर्यत ब्रेशियाजवळच्या त्रिकोणी मार्गावर फेऱ्या मारून झाली, म्हणून ती वेगळी काढायला हवी. उरतात १९३१ सालचा जर्मन रुडॉल्फ काराचिओला आणि १९५५ चा मॉस. यावर सरळ आक्षेप येतो की भाग घेणारेच बहुतेक इटालियन आणि उत्तम गाड्याही त्यांच्याच, आल्फा रोमिओ आणि नंतर फेरारी, तेव्हा जिंकणार दुसरं कोण? आक्षेपात तथ्य आहे, आणि केवळ आकडा पुढे करून काही सिद्ध होत नाही हेही खरं. पण १९५० नंतर बाहेरचे संघ जय्यत तयारीनं येऊ लागले होते. १९५२ साली मर्सिडीजचा कार्ल क्लिंग दुसरा आला. त्याच्यापुढे होता फेरारीतला जोव्हान्नी ब्राक्को. खुद्द मॉस १९५१ पासून सलग तीन वर्षं जॅग्वार घेऊन आला आणि तिन्ही वेळा शर्यत पूर्ण करू शकला नाही. गाड्यांमधलं अंतर कमी होत होतं तरी मधे काहीतरी आडवं येत होतं. पिएरो तारुफी हा रोमचा चालक वर्षानुवर्षं या रस्त्यांवरून जात होता. त्याच्या डोक्यात जे साठलं होतं ते इंग्लंडहून आलेल्या माणसाला दोन-चार आठवड्यांच्या सरावात मिळवणं अशक्य होतं. निदान डोक्यात साठवायचं म्हटलं तर.

डेनिस जेंकिन्सननं ते डोक्याबाहेर साठवायचं ठरवलं. तो ‘मोटर स्पोर्ट’ या इंग्रजी मासिकाचा युरोपातला प्रतिनिधी होता, पण नुसता लिहिणारा नव्हता. एरिक ऑलिव्हरच्या मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये तोल सांभाळत तो १९४९ साली जगज्जेत्या जोडीचा भाग झाला होता. दुसऱ्याच्या हाती जीव सोपवून वेगात डोकं शाबूत ठेवण्याची सवय त्याला तिथून लागली. रस्त्याची टिपणं काढून ती शर्यतीत चालकाला सांगायची, ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. अमेरिकन चालक जॉन फिच याच्याशी त्यानं त्याबद्दल आधी चर्चा केली होती. पुढे फिचच्या वाट्याला मर्सिडीजची साधी ३०० एसएल आली आणि मॉसला थेट शर्यतीसाठी बांधलेली ३०० एसएलआर. तेव्हा फिचनं जेंकिन्सनला मोकळ्या मनानं मॉसकडे जाऊ दिलं. मग दोघांनी तो रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला. या सरावात मॉसच्या गाडीखाली एक मेंढी आली आणि दुसऱ्या एका गाडीची एका लष्करी ट्रकशी टक्कर झाली. ट्रकमध्ये बाँब होते. दोघं बचावले, टिपणं वाढत गेली. कुठलं वळण कितपत कठीण, याच्या तीन श्रेणी ठरल्या. उसळवणारी जागा, निसरडा पट्टा, रेल्वेचं फाटक, आणि सर्वांत मोलाचं म्हणजे पूर्ण वेगात बिनधोक ओलांडता येतील असे आंधळे चढ, सगळं नोंदलं गेलं. आपण कुठे आहोत हे चुकू नये म्हणून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि ठळक खुणा लिहिल्या. हे सगळं एका लांब पट्टीवर उतरवून ती धातूच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. वर पारदर्शक झाकण होतं आणि रूळ फिरवला की मजकूर पुढे सरकायचा. वारा आणि पाऊस यांपासून कागद सुरक्षित राहिला.

खरी अडचण पुढे होती. उघड्या गाडीत, इंजिनाच्या गर्जनेत सांगायचं कसं? बोलण्याचं यंत्र लावून पाहिलं. आवाज पोचत होता, पण मॉस पूर्ण एकाग्र होऊन चालवू लागला की कानावर पडलेलं त्याच्या ध्यानात उतरत नसे. मला हा तपशील सगळ्या हकिकतीतला सर्वांत बोलका वाटतो. माहिती असणं वेगळं आणि ती योग्य क्षणी, योग्य वाटेनं माणसाच्या हातापायांत पोचणं वेगळं. दोघांनी मग हाताच्या खुणा ठरवल्या, सुमारे पंधरा. जेंकिन्सन वाचणार, हात हलवणार, मॉसला ते डोळ्याच्या कडेनं दिसणार आणि मान हलवून तो पावती देणार. यासाठी लागणारा विश्वास मात्र कागदावर लिहिता येत नव्हता. पलीकडचं काहीच दिसत नसताना ताशी २७० किलोमीटरच्या आसपास चढाच्या माथ्यावर झेपावायचं, आणि तेही शेजारच्याचा हात ‘सरळ आहे’ म्हणाला म्हणून.

शर्यतीच्या दिवशी पादुआत मॉस एका चौकात जास्त वेगानं शिरून गवताच्या गठ्ठ्यांवर आदळला आणि एउजेनिओ कास्तेल्लोत्ती आपल्या मोठ्या फेरारीतून पुढे निघून गेला. गुंडाळी काही ब्रेक लावत नाही, हे तिथेच दिसलं. पण कास्तेल्लोत्ती ज्या आडदांडपणे गाडी हाकत होता त्यात टायर टिकणं कठीण होतं. रावेन्नाच्या थांब्यावर तो टायर बदलताना दिसला, आणि त्याची शर्यत पुढे अर्ध्यावरच संपली. पेस्काराला तारुफी काही सेकंदांनी पुढे होता. रोमला मॉस पुढे होता. रोममध्ये जो पुढे असतो तो ब्रेशियाला जिंकत नाही, अशी या शर्यतीतली जुनी समजूत होती. तिच्यामागे कारणही असावं. पुढचे तास दमलेल्या माणसाचे आणि दमलेल्या गाडीचे असतात, आणि फ्लोरेन्सनंतर फुता आणि रातिकोसा हे घाट येतात. नेमकी तिथे टिपणं जास्त उपयोगी पडली, कारण थकलेली स्मृती दगा देते आणि कागद थकत नाही. तो वाचणारा थकतो, हे खरं. जेंकिन्सनला वाटेत ओकारी झाली, त्या गडबडीत वाऱ्यानं त्याचा चष्मा उडून गेला. त्यानं खिशातला दुसरा चष्मा लावला आणि वाचन चालू ठेवलं. दुसरा चष्मा बरोबर घेणं हीसुद्धा तयारीच.

गुंडाळीला श्रेय देण्यावर दोन आक्षेप जड आहेत. पहिला म्हणजे जिंकली ती गाडी. मर्सिडीजचा अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट याची ३०० एसएलआर तीन लिटरांची, आठ सिलिंडरांची, इंधन थेट सिलिंडरात फवारणारी, विमानाच्या इंजिनाशी नातं सांगणारी होती. त्या वर्षी तिला तोड नव्हती हे कबूल. पण तशा चार गाड्या धावत होत्या. क्लिंग आणि हान्स हेरमान अपघातानं बाद झाले आणि हुआन मानुएल फांजिओ बत्तीस मिनिटांहून अधिक मागे राहून दुसरा आला. फांजिओ तेव्हा जगज्जेता होता, अर्जेंटिनाच्या लांबलचक रस्त्यांवरच्या शर्यतींतून घडला होता आणि या शर्यतीत एकटाच बसला होता. मात्र ही सगळी बत्तीस मिनिटं कागदाच्या खात्यावर लिहिणं लबाडीचं होईल, कारण त्याच्या गाडीची इंधन फवारणी बिघडून एक सिलिंडर बंद पडला होता. दुसरा आक्षेप असा की मॉस मुळातच असामान्य होता. होता. पण १९५१ ते १९५३ मध्येही तो मॉसच होता. मर्सिडीजनं वर्षअखेरीस शर्यतींतून अंग काढून घेतल्यानं तीच गाडी, तोच चालक, पण टिपणं नाहीत, अशी तुलना कधी झालीच नाही. म्हणून माझा दावा मर्यादित आहे. गाडीनं विजय शक्य केला, मॉसनं तो पेलला. पण परक्या माणसाला त्या रस्त्यावर तिथल्या माणसाहून वेगानं नेण्याचं काम गुंडाळीनं केलं. आधीचा विक्रम १९५३ सालचा, ताशी सुमारे १४२ किलोमीटरचा होता. एका झेपेत त्यात पंधरा किलोमीटरची भर पडली, त्यात या आंधळ्या चढांचा वाटा नक्कीच मोठा होता.

कागदाला काय ठाऊक नसतं ते पुढच्या दोन वर्षांनी दाखवलं. १९५६ साली मॉस आणि जेंकिन्सन मासेरातीतून पुन्हा निघाले. पाऊस कोसळत होता, गाडी धड वळत नव्हती, आणि ते डोंगरउतारावरून खाली घसरले. झाडानं अडवलं म्हणून वाचले. त्या वर्षी भर पावसात कास्तेल्लोत्ती एकटा चालवून जिंकला. १९५७ साली सुरुवातीच्या काही किलोमीटरांतच मॉसच्या गाडीचं ब्रेकचं पेडल तुटलं. त्याच शर्यतीत, १२ मे रोजी, गुइदिझोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा सहचालक एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मेले. त्यात पाच मुलं होती. वळण नव्हतं, आंधळा चढ नव्हता, कुठल्याही टिपणात ‘सोपं’ म्हणून नोंदला गेला असता असाच तो रस्ता होता. मग टिपणांनी माणसांना फाजील वेगाकडे ढकललं, असं म्हणता येईल का? मला ते पटत नाही. दे पोर्तागोची गाडी टिपणांमुळे गेली नाही, आणि १९३८ साली बोलोन्यात गाडी गर्दीत घुसून दहा जण मेले तेव्हा असल्या गुंडाळ्या नव्हत्याच. दोष होता तो गाड्या आणि रस्त्याला लागून उभे असलेले लाखो लोक यांच्या मध्ये काहीच न ठेवण्यात. सोळाशे किलोमीटरला कठडा घालणं कुणालाच परवडलं नसतं. १९५७ ची ती शर्यत तारुफीनं जिंकली. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतरचा त्याचा हा पहिला विजय होता आणि त्यानंतर तो निवृत्त झाला. वेगाची मिल्ले मिल्याही तिथेच संपली. दे पोर्तागोच्या अपघातावरून फेरारी गाड्यांचा निर्माता एंझो फेरारी याच्यावर खटला चालला आणि १९६१ साली तो निर्दोष सुटला.

टिपणांची पद्धत मात्र शर्यतीबरोबर मेली नाही. रॅलींमध्ये ती इतकी रुजली की आज सहचालकाच्या वाचनाशिवाय कुणी गंभीर चालक जंगलातल्या रस्त्यावर पाऊल टाकत नाही. फरक इतकाच की बोलण्याची यंत्रं आता सुधारली आहेत आणि हाताच्या खुणांची जागा शब्दांनी घेतली आहे. १९७७ पासून मिल्ले मिल्या पुन्हा भरते, जुन्या गाड्यांची, ब्रेशिया ते रोम आणि परत. तिच्यात जोरात जाण्याला गुण नाहीत. नेमून दिलेलं अंतर नेमून दिलेल्या वेळेत कापायचं असतं आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागांवर ठरतो. चालकाचं काम त्यामानानं सोपं झालं आहे. मार्गपुस्तिका आणि घड्याळ मांडीवर घेऊन शेजारी बसलेला माणूस चुकला तर गाडी कितीही दुर्मीळ असो, नंबर लागत नाही.